ग्रीकमध्ये फार वाईट

ॲन्सेल्म जहाजावर भंडारी होता. भंडारी म्हणजे खलाशांचा स्वयंपाकी. एकतीस वर्षं त्याने समुद्रावर पन्नास-पन्नास माणसांची आमटी ढवळली आणि मग तो वसईला आमच्या आळीत कायमचा परत आला. येताना दोन गोष्टी घेऊन आला, गुडघेदुखी आणि चौदा भाषांतल्या शिव्या. त्या भाषांतलं बाकी काही त्याला येत नव्हतं. ग्रीकमध्ये मीठ मागता येत नव्हतं, पण मीठ न देणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करता येत होता, असं तोच सांगायचा.

एवढ्या भांडवलावर आमच्या आळीने त्याला विद्वान ठरवलं. मी चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, मला कोणी विद्वान म्हटलं नाही. हे मी मत्सराने लिहीत नाही, नोंद म्हणून लिहितो.

आणखी एक नोंद. आळीत आम्ही आमच्या बोलीत बोलतो. इथे मी सगळ्यांना शाळेतल्या मराठीत बोलायला लावलं आहे, ती माझी जुनी खोड. फक्त ॲन्सेल्मच्या बायकोचे, मार्गारेटचे शब्द होते तसेच ठेवले आहेत. ती पाचूबंदरची, कोळ्याची लेक. तिचं बोलणं सुधारायची माझी हिंमत ती होती तेव्हाही झाली नाही.

तर या विद्वत्तेची सुरुवात एका लग्नाच्या मांडवात झाली. जेवणं झाल्यावर ॲन्सेल्मने गोष्ट सांगितली. इटलीच्या एका बंदरात त्यांच्या जहाजावरचा रत्नागिरीचा खलाशी आपल्या चुलत्यामागे 'काका, काका' करत धक्क्यावरून धावला. तिथली माणसं पोट धरून हसली, कारण तिकडे लहान मुलं शी लागली की तोच शब्द ओरडतात. मग त्याने एका इटालियन कप्तानाचं नाव सांगितलं. ते मी इथे लिहू शकत नाही. त्याची पहिली दोन अक्षरं मराठीत उच्चारली तर आमची फिलोमिना, म्हणजे माझी बायको, पानावरून उठून जाईल. आणि तिकडे ते नाव चांगल्या घरांत ठेवतात.

मांडव खूप हसला. हसून झाल्यावर मात्र एकेक जण गंभीर झाला. आमच्या आळीतली निम्मी पोरं परदेशात आहेत आणि उरलेली पासपोर्ट काढून बसली आहेत. आमच्याकडे मूल जन्मतं तेच मुळी कॅनडाला जायला. मग हौसेने ठेवलेल्या नावाचा तिकडे भलताच अर्थ निघाला तर? कप्तानाचं आपल्याकडे जे झालं ते आपल्या बाळाचं तिकडे झालं तर? त्या रात्री बऱ्याच जणांना झोप लागली नसावी, कारण पुढच्याच रविवारी चर्चमधली प्रार्थना, म्हणजे मिस्सा, संपल्यावर एक जण चिठ्ठीवर नाव लिहून ॲन्सेल्मच्या ओट्यावर हजर झाला.

तेव्हापासून तो रिवाजच पडला. घरात मूल झालं की बाप्तिस्म्याच्या आधी नावाची चिठ्ठी ॲन्सेल्मकडे द्यायची. तो ती वाचायचा, खिशात घालायचा आणि म्हणायचा, "बघतो. पुढच्या रविवारी या." त्याच्याकडे हिरव्या पुठ्ठ्याची एक वही होती. ती त्याने कधी कोणाला उघडून दाखवली नाही. "आत सगळी घाण आहे, घरात बायामुलं आहेत," असं म्हणायचा. पुढच्या रविवारी निकाल. "चालेल" किंवा "नको". नको म्हटलं तर फक्त भाषेचं नाव सांगायचा, अर्थ नाही. अर्थ विचारला की मान खाली घालून इतक्या दुःखाने हलवायचा, की विचारणाऱ्याला आपण विचारलं याचीच लाज वाटायची. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण हात दाखवल्याशिवाय आळीत कोणाला चैन पडत नव्हती.

आता आमच्या घराण्यांतली चाल सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. पहिल्या नातवाला बापाच्या बापाचं नाव ठेवायचं. पहिल्या नातीला बापाच्या आईचं. यात विचारायचं काही नसतं. सून पोटुशी असतानाच सासरे मंडळी आपल्या नावाकडे जरा वेगळ्या नजरेने बघू लागतात. माणूस मरतो, वाडी वाटली जाते, बावखलं, म्हणजे घरामागची तळी, बुजवून त्यावर इमारती उभ्या राहतात, पण नाव एक पिढी सोडून परत येतं. माझं गॉडफ्रे हे नाव माझ्या आजोबांचं. त्यांच्या आजोबांचंही तेच. म्हणजे माझ्या नातवाचं नाव ठरायला कोणी चिठ्ठी लिहायची गरजच नव्हती.

तरी मी लिहिली. सुंदर अक्षरात. आठ वर्षांपूर्वी माझ्या फेबियनला मुलगा झाला तेव्हाची गोष्ट. माझ्या नावात काही वावगं निघेल अशी शंका मला स्वप्नातही आली नव्हती, रिवाज म्हणून लिहिली इतकंच. पुढच्या रविवारी ॲन्सेल्मच्या ओट्यावर आठ-दहा माणसं होती. त्यांच्यासमोर त्याने माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि म्हणाला, "सर, नको. ग्रीकमध्ये फार वाईट आहे."

मी शाळेतला माणूस, चारचौघांत शब्द फिरवणारा नव्हे. घरी आलो. नातवाचं नाव जेडन ठेवलं. ते माझ्या सुनेने, एलिसाने, कुठूनसं काढलं होतं आणि ते मात्र ॲन्सेल्मने चौदाच्या चौदा भाषांत पास केलं. आळीत दोन महिने लोक मला बघून मिशीत हसत होते. प्रत्येकाने आपापल्या मनाने ग्रीक अर्थ लावला असणार. त्याआधी नववीला सॉक्रेटिसची गोष्ट सांगताना, त्याला विषाचा पेला देतात तिथे माझा आवाज जड व्हायचा. त्या वर्षी झाला नाही.

ॲन्सेल्मशी बोलणं मी सोडलं नाही, पण त्यात पूर्वीची गोडी राहिली नाही. तेव्हापासून मी हिशेब ठेवू लागलो. सगळी मिळून चाळीसेक नावं त्याने तपासली, त्यातली अकरा पाडली. कैतान तुर्कीत पडला, पास्कू पोलिशमध्ये, एक इस्पेरान्स म्हातारी जपानीत गेली. पाडलेली सगळी नावं आजोबा-आज्यांची होती. पोरांनी काढलेली नवी नावं, आन्या न् कियारा, एकही पडलं नाही. यातून काहीतरी माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण माझा विषय मराठी, तर्कशास्त्र नव्हे.

मार्गारेटबद्दल थोडं सांगतो. ॲन्सेल्म जहाजावर असताना घर, वाडी, मुलगा, सासू सगळं तिने एकटीने ओढलं. तो वर्षातून दीड महिना यायचा, तोही पाहुण्यासारखा. कायमचा परत आल्यावर त्याला पन्नास माणसांच्या खालचा स्वयंपाक जमेना, म्हणून तिने त्याला चुलीजवळ येऊ दिलं नाही. पुढच्या ओट्यावर तो दरबार भरवायचा आणि ती मागे बावखलाकडच्या दारात बसून मासे साफ करायची. निकाल ऐकून तोंड पाडून निघालेल्या माणसाला ती आतून हाक मारायची, "पानी तरी पिऊन जा." मलाही तिने त्या दिवशी पाणी दिलं होतं. वर म्हणाली, "सर, नाव गेलं म्हनून मानूस जात नाय." मला तेव्हा तिचा राग आला होता.

दीड वर्षापूर्वी ती गेली. शेवटचे पाच महिने अंथरुणाला खिळून होती. मुलगा रायन आणि सून स्टेफी वसईतच, पूर्वेच्या एव्हरशाईन सिटीत राहतात. दोघंही नोकरी करणारी. पण ते पाच महिने स्टेफी बिनपगारी रजा टाकून इथे येऊन राहिली. सासूचं न्हाणंधुणं, औषध, भरवणं सगळं तिने केलं. आळीत सुनांबद्दल चांगलं बोलायची पद्धत नाही, तरी स्टेफीबद्दल बोलले.

आणि गेल्या ऑक्टोबरात स्टेफीला मुलगी झाली. ॲन्सेल्मची पहिली नात.

नाव काय असणार हे आळीतलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. ॲन्सेल्मची थोरली बहीण क्लेमेंटीन तर दवाखान्यात बाळाला बघायला गेली तेव्हाच "आली गं माझी मार्गारेट" म्हणाली. तिचं सत्त्याऐंशी वय, आणि घराण्याच्या चालीरीतींची ती चालती-बोलती वही. बाप्तिस्मा जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी ठरला. डिसेंबरच्या एका रविवारी मिस्सेनंतर जवळची माणसं ॲन्सेल्मच्या ओट्यावर जमली, जेवणाचं आणि आमंत्रणांचं ठरवायला.

मला बोलावलं नव्हतं. मी गेलो. का गेलो ते स्वच्छ सांगतो. आठ वर्षं मी या दिवसाची वाट बघत होतो.

ओट्यावर रायन होता, त्याची आत्या क्लेमेंटीन खुर्चीत होती, आणखी चार-पाच भाऊबंद होते. स्टेफी दाराशी बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. ॲन्सेल्म बायको गेल्यापासून निम्मा झाला होता. शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल फिरत होती. क्लेमेंटीन म्हणाली, "आमंत्रणात नाव छापून टाका. मार्गारेट. त्यात विचारायचं काय?"

"विचारायचं आहे," मी म्हणालो.

सगळे माझ्याकडे बघू लागले. वर्गात असा शांतपणा पसरला की मला बरं वाटायचं, तसं वाटलं.

"चाळीस घरांनी चिठ्ठ्या दिल्या," मी म्हणालो. "कोणाच्या आईचं नाव पडलं, कोणाच्या बापाचं पडलं. सगळ्यांनी मान खाली घालून ऐकलं. आता ॲन्सेल्मच्या घरची पाळी आली, तर वही नाही उघडायची? आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असा नियम आहे का?"

"सर, अहो मम्मीचं नाव आहे ते," रायन म्हणाला. त्याचा आवाज दुखावलेला होता.

"माझंही माझ्या आजोबांचं होतं."

"आणि ही पोर जाऊन जाऊन जाणार कुठे? एव्हरशाईन सिटीत," क्लेमेंटीन म्हणाली. "तिथे कोणती भाषा लागते?"

"आज एव्हरशाईन, उद्या कॅनडा," मी म्हणालो. हे ॲन्सेल्मचंच नेहमीचं वाक्य होतं. त्याने ते ओळखलं. तो गुडघ्यावर हात टेकून उठला. "सर बरोबर बोलतायत. वही बघून येतो," म्हणाला आणि आत गेला. त्याच सुमारास बाळ कुरकुरलं, म्हणून स्टेफीही उठून आत गेली.

दोन मिनिटं झाली, पाच झाली. मला खात्री होती की हा आत जाऊन पाणी पिणार, वही न उघडताच बाहेर येणार आणि "चालेल" म्हणणार. मला त्याला पकडायचं होतं. हात धुवायचं निमित्त करून मी ओट्यावरून उतरलो आणि घराला वळसा घालून मागे गेलो. बावखलाच्या काठाने चिंचोळा बांध आहे, तिथे नेहमी चिखल असतो. त्या घरी मी शेकडो वेळा गेलो असेन, पण मागल्या दारी आयुष्यात पहिल्यांदाच. धुण्याच्या दगडापाशी पोहोचलो आणि स्वयंपाकघरातला आवाज ऐकून थांबलो.

खिडकीतून सगळं दिसत होतं. स्टेफी बाळाला खांद्यावर टाकून मागल्या दाराच्या उंबऱ्याशी उभी होती. ॲन्सेल्म मार्गारेटच्या पाटावर बसला होता. हिरवी वही समोर उघडी पडली होती. मला चष्म्यातून पान नीट वाचता आलं. 'शिरा. माणसं पन्नास. रवा पाच किलो.' शेजारच्या पानावर मसूर आमटी होती.

"सांग," ॲन्सेल्म म्हणाला. "ती असती तर तिला सांगितलं असतंस. आता ती नाही. मग मला सांग."

"काही नाही पप्पा. मम्मींचंच नाव ठेवूया. चालेल."

"चालेल वेगळं आणि हवं वेगळं. तुझ्या सासूने मला वीस वर्षं एवढंच शिकवलं."

स्टेफी बाळाची पाठ थोपटत राहिली. मग म्हणाली, "मम्मींना मी कधी नावाने हाक मारली नाही. आता दिवसातून पन्नास वेळा मारायची. मार्गारेट दूध पी, मार्गारेट गप्प बस, मार्गारेट मार खाशील. ते माझ्या तोंडून निघणार नाही पप्पा. आणि शेवटचे पाच महिने मी इथे होते ना. ते नाव घेतलं की मला पलंगच दिसतो. बाळाकडे बघताना मला तो बघायचा नाही." तिने नाक पुसलं. "पण आत्या काय म्हणतील? लोक म्हणतील सुनेने सासूचं नाव टाकलं."

"लोक काही म्हणत नसतात. लोक ग्रीकला दोष देतात," ॲन्सेल्म म्हणाला. "तू काय पहिली आहेस? या उंबऱ्याशी अकरा जणी उभ्या राहून गेल्या. पुढे सासरा चिठ्ठी द्यायचा, आणि आठवड्याभरात मागे सून यायची. घरात नाही म्हणायची सोय नाही, मग इथे येऊन रडायची. मार्गारेट म्हणायची, पानी पी, आनि घरी जा, बघते मी. मग मला सांगायची, ॲन्सेल्म, हे नाव पाड. कोणत्या भाषेत, ते माझ्यावर सोडायची." तो किंचित हसला. "गॉडफ्रे सरांची एलिसा तर बाळंतपणाला पंधरा दिवस झाले नव्हते तेव्हा आली. भर पावसात, या बांधावरून."

"एलिसाताई? का?"

"ती म्हणाली, त्या घरात सासूबाई 'गॉडफ्रे आला' म्हणाल्या की टीव्ही बंद होतो. हसत असलेलं माणूस गप्प होतं. माझ्या मुलाला त्याच नावाने हाक मारायची, आणि प्रत्येक वेळी घर गप्प व्हायचं, ते मला नको."

मी धुण्याच्या दगडाला धरलं. मी फाटकातून आत शिरलो की माझ्या घरातला टीव्ही आपोआप बंद होतो, हे मी गेली कित्येक वर्षं चारचौघांत अभिमानाने सांगत आलो आहे. शिस्त म्हणून सांगत आलो आहे.

"नाव काय ठेवायचंय तुला?" आत ॲन्सेल्म विचारत होता.

"सारा."

"सारा," तो म्हणाला. वही मिटली. उठताना त्याने भिंतीचा आधार घेतला, आणि भिंतीला हात तसाच लावून थोडा वेळ उभा राहिला. मला त्याचं तोंड दिसलं नाही. दिसलं नाही ते बरं झालं.

मी आल्या वाटेने पुढे पळालो. तो ओट्यावर आला तेव्हा मी माझ्या जागेवर होतो. त्याने नेहमीसारखी मान खाली घातली, नेहमीसारखी हलवली.

"नको," म्हणाला. "मार्गारेट नको. ग्रीकमध्ये फार वाईट आहे."

क्लेमेंटीनच्या हातातली काठी खाली पडली. "तुझ्या बायकोचं नाव? अडतीस वर्षं तुझा संसार केला तिने. त्या नावाला तू घाण म्हणतोस?"

"मी नाही म्हणत. ग्रीक म्हणतात." त्याचा आवाज स्थिर होता, वही त्याने छातीशी धरली होती. 

रायनने मोबाईल काढला. आजकाल प्रत्येक वादात कोणीतरी मोबाईल काढतो. बापाच्या प्रेमापोटी म्हणा, आईच्या प्रेमापोटी म्हणा, तो भराभर टाइप करू लागला. सगळे त्याच्या अंगठ्यांकडे बघत होते. दारात स्टेफी येऊन उभी राहिली होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"पप्पा," रायन म्हणाला, "यात तर काही वाईट नाही. मार्गारेट म्हणजे मोती, असं लिहिलंय. आणि ग्रीकमधूनच आलंय म्हणतो हा."

 ॲन्सेल्मने माझ्याकडे पाहिलं. आठ वर्षं मी जे मागत होतो ते माझ्यासमोर ताटात वाढून ठेवलं होतं. एक वाक्य बोलायचं होतं. 'मग माझं कसं पडलं?' एवढंच. माझं नाव धुऊन निघालं असतं, आणि त्याचं कायमचं बुडालं असतं.

"मोबाईल ठेव खिशात," मी रायनला म्हणालो. वर्गातला आवाज काढला, त्याचा एवढा तरी उपयोग. "त्यात पुस्तकातली ग्रीक असते. बंदरातली नसते. खलाशी मोत्याला काय म्हणतात ते तुझ्या मोबाईलला कोण सांगणार?"

"पण सर, तुम्हीच तर..."

"मीच काय? माझं नाव याच भाषेत गेलं. आठ वर्षं आळीत लोक मला हसले. ते काय उगाच हसले? गॉडफ्रे ग्रीकमध्ये वाईट आहे, फार वाईट आहे, आणि मी ते सगळ्यांसमोर मान्य केलं. मी मान्य केलं तर तुम्हाला काय जड जातंय?"

उंदराला मांजर साक्ष म्हणतात, तशातला प्रकार. पण माझ्यासारखा माणूस स्वतःच्या नावाला भर ओट्यावर शिवी म्हणतो म्हटल्यावर शंका घ्यायला जागा राहिली नाही. रायनने मोबाईल खिशात टाकला. क्लेमेंटीन पुटपुटत राहिली, मग म्हणाली, "मेले ग्रीक." ठराव त्यावर पास झाला. थोड्या वेळाने कोणीतरी विचारलं, मग नाव काय ठेवायचं, आणि स्टेफी बारीक आवाजात सारा म्हणाली. ॲन्सेल्मने क्षणभर डोळे मिटले, जणू चौदा भाषा चाळतोय. "चालेल," म्हणाला.

निघताना तो मला सोडायला पायरीपर्यंत आला. असं तो कधी करत नसे.

"सर, तुमच्या चपलांना बावखलाचा चिखल लागलाय," तो म्हणाला.

"लागलाय," मी म्हणालो.

"पाणी पिऊन जाता?"

मी प्यायलो. पेला त्याच्या हातात परत दिला. तो घेऊन तो हळू म्हणाला, "दुसरी कोणती भाषा मला त्या वेळी आठवलीच नाही, सर. तुमच्या वेळीही नव्हती आठवली." त्याचे डोळे भरले होते. मला त्या माणसाची कणव आली, आणि त्याच्या बायकोची आठवण आली. आठ वर्षांपूर्वी याच घरात याच पेल्यातून पाणी देताना तिला सगळं ठाऊक होतं.

घरी आलो. फाटक कुरकुरलं. आत फिलोमिनाचा आवाज आला, "गॉडफ्रे आला." टीव्ही बंद झाला. हे मी इतकी वर्षं ऐकत होतो, त्या दिवशी पहिल्यांदा मला ऐकू आलं.

फिलोमिना वाल सोलत बसली होती. मी तिला हळूच विचारलं, "एलिसा तेव्हा बावखलाच्या बांधावरून मार्गारेटकडे गेली होती, हे तुला माहीत होतं?"

तिने सोलणं थांबवलं नाही. "छत्री मीच दिली होती तिला," म्हणाली. "सगळ्या आळीत माहीत आहे. म्हणजे, बायांना."

मी बाहेरच्या खोलीत जाऊन म्हणालो, "टीव्ही लावा रे. चालू द्या तुमचं." त्याचा परिणाम उलटा झाला. फेबियनने मला बरं वाटत नाही का म्हणून विचारलं आणि एलिसा मुलाला अभ्यासाला बसवून आत निघून गेली. चौतीस वर्षांची कमाई एका रविवारी खर्च होत नाही.

जानेवारीत बाप्तिस्मा झाला. फादरांनी नाव विचारलं, रायन सारा म्हणाला, आणि बाळाने डोक्यावर पाणी पडताच चर्च दणाणून सोडलं. ॲन्सेल्म पहिल्या बाकावर होता. जेवणाचा शिरा त्याने स्वतः केला, दीडशे माणसांचा, आणि तो अगदी बरोबर झाला.

त्या दिवशी घरी परतल्यावर जेडन माझ्याजवळ येऊन उभा राहिला. तो एरवी फारसा येत नाही. जेवणावळीत पोरांनी त्याला काहीतरी सांगितलं असावं.

"आजोबा," त्याने विचारलं, "तुमचं नाव ग्रीकमध्ये खरंच वाईट आहे?"

स्वयंपाकघरात एलिसा भांडी लावत होती. तो आवाज थांबला.

"नाही रे," मी म्हणालो. "ग्रीकमध्ये नाही."

त्याला काही कळलं नाही. तो टीव्हीकडे बघत होता, लावू की नको असं. मी रिमोट उचलून त्याच्या हातात दिला. कार्टून सुरू झालं आणि तो हसला. थोड्या वेळाने आत भांडी परत वाजू लागली.